एकोणीस पांढऱ्या रेघा

पेटीच्या काचेवर दोनच वाक्यं होती आणि दोन्ही खोटी होती.

पहिलं मोठ्या अक्षरांत: 'हे गाणं एकाच दमात गायलं गेलं, त्यात एकही कट नाही.' दुसरं त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरांत: 'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे ऐन रंगात टेप संपली आणि गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं.'

पहिलं वाचून तिला हसू आलं. दुसरं वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तंत्रज्ञ म्हणजे तिचे बाबा. त्यांना जाऊन अडीच महिने झाले होते. संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण त्यांच्याच नावानं घरी आलं. वर छापलं होतं, 'रॉक आणि पॉपचे पंचवीस अविस्मरणीय क्षण'. आईनं पाकीट तसंच तिच्या हातात दिलं. म्हणाली, "तू जाऊन ये. त्यांनी आठवण ठेवली हे काय कमी आहे?"

ठेवली होती, यात शंका नव्हती. कशी, ते आता समोर काचेवर चिकटवलेलं होतं.

काचेच्या पेटीत ती मूळ टेप होती, ताटाएवढ्या धातूच्या चकतीवर गुंडाळलेली, तपकिरी, चकचकीत. ही टेप तिनं लहानपणी पाहिली होती, बाबांच्या टेबलावर. स्टुडिओत त्यांना सगळे ब्लेडमास्तर म्हणत. त्या काळी गाणं दुरुस्त करायचं म्हणजे टेप हातानं पुढेमागे सरकवत नेमकी जागा ऐकायची, पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, दाढीच्या ब्लेडनं तिरपं कापायचं आणि दोन टोकं जुळवून मागून पांढरी चिकटपट्टी लावायची. काढलेला तुकडा बाबा कधी टाकत नसत. टेबलाच्या कडेला एकाशेजारी एक चिकटवून ठेवत. "रेकॉर्ड बाजारात जाईपर्यंत काही टाकायचं नाही. केव्हा परत लागेल, काय नेम?"

त्या गाण्याच्या वेळी टेबलाची कड तुकड्यांनी झालरीसारखी भरून गेली होती. गायकाला सगळे भोवरा म्हणत, कारण रंगमंचावर गिटार गळ्यात अडकवून तो गरगर फिरायचा. त्या आठवड्यात भोवऱ्याचा गळा पार बसला होता. अकरा वेळा गायला आणि अकराही वेळा कुठे ना कुठे घसरला. मग बाबा दोन दिवस बसले. एक ओळ इथली, दुसरी तिथली, एक श्वास तर भलत्याच कडव्यातला. एकोणीस जोड. शेवटच्या शब्दाचं मात्र काही करता येईना, कारण प्रत्येक वेळी अर्ध्यावर भोवऱ्याला खोकल्याची उबळ यायची आणि खोकल्यामागून शिवी. बाबांनी तो शब्द अर्ध्यावरच कापला.

त्या अर्ध्या शब्दानं इतिहास घडवला. पुढच्या मैफिलीत बँड तिथे थांबला आणि हजारो लोकांनी उरलेला अर्धा शब्द एका आवाजात पूर्ण केला. तेव्हापासून ते गाणं कुठेही वाजलं की शेवटचा अर्धा शब्द लोकांचाच.

एका वार्ताहरानं भोवऱ्याला विचारलं, हे असं अचानक तोडायचं सुचलं कसं? भोवरा म्हणाला, "आमच्या ब्लेडमास्तरला डुलकी लागली, टेप संपली!"

झालं. ते वाक्य बाबांना जन्माचं चिकटलं. रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या हातून टेप संपणं म्हणजे शिंप्यानं बाही शिवायचीच विसरण्यासारखं. स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये चहा ओतताना किटली मध्येच रिकामी झाली की हाक यायची, "मास्तर, टेप संपली वाटतं!" बाबा हसायचे. अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा म्हातारा ड्रमर डोळे पुसत म्हणाला, "वर गेल्यावर तरी टेप पुरेशी ठेव रे बाबा." त्यानं प्रेमानंच म्हटलं, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"तुम्ही सांगत का नाही लोकांना?" कॉलेजात असताना तिनं एकदा बाबांना विचारलं होतं.

"जोड ऐकू आला तर तो जोड कसला? जो कळत नाही तोच माझा."

आता मात्र ती संग्रहालयाच्या दालनप्रमुख बाईंना गाठून पेटीपाशी घेऊन आली. बाई तिच्याहून लहान होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात याद्या, तासाभरावर उद्घाटन.

"ताई, अक्षरं कालच लावून झाली. आता बदल नाही करता येणार."

"बदल नको. हे दुसरं वाक्य काढा. ते खोटं आहे."

"पण खुद्द गायकांच्या मुलाखतीतलं आहे ते. आमच्याकडे कात्रण आहे."

"तुमच्याकडे टेप आहे," ती म्हणाली. "कात्रण कशाला बघता? खाली वाका जरा. चकतीच्या कडेनं बघा. तपकिरी थरांमध्ये पांढऱ्या रेघा दिसतात?"

बाई वाकल्या. "धूळ असेल."

"धूळ इतकी शिस्तीत बसते? प्रत्येक रेघ म्हणजे एक जोड. मोजा."

बाईंनी नाइलाजानं बोट काचेवर धरलं. सातपर्यंत मनात, मग पुटपुटत, मग चक्क मोठ्यानं. एकोणिसावर बोट थांबलं.

"म्हणजे पहिलं वाक्यसुद्धा..."

"पहिल्याचं राहू द्या. ही लाल पट्टी बघा, टेपच्या बाहेरच्या टोकाला. गाणं कापून पूर्ण झालं की शेवटी ही जोडतात. टेप चालता चालता संपली असती, तर तिला ही लाल शेपटी लावली कुणी? भुतानं?"

दाराशी गलका उठला म्हणून दोघींनी वळून पाहिलं. भोवरा आला होता.

आता तो फिरत नव्हता. काठी टेकत, दोन माणसांच्या आधारानं येत होता. केस पिकून विरळ झालेले, कातडी जाकीट मात्र तसंच. तिला पाहून थबकला.

"तू ब्लेडमास्तरची ना गं? बापाचं कपाळ घेऊन आली आहेस. कळलं मला. फार वाईट झालं."

"काका, हे वाचा," ती म्हणाली.

त्यानं चष्मा चढवून वाचलं आणि खळखळून हसला. "अरे वा, माझा विनोद अजून जिवंत आहे!"

"तुमचा विनोद जिवंत आहे. ज्याच्यावर केलात तो मेला."

आधाराची माणसं चुळबुळली. भोवऱ्याचं हसू ओठांवरच राहिलं. "अगं पोरी, गंमत होती ती. त्यानं कधी मनाला लावून घेतलं नाही. भेटला की हसायचा."

"तुम्ही भेटलात की हसायचे. घरी आले की टेप संपायच्या किती आधी यंत्रावर इशाऱ्याचा दिवा लागतो, हे आम्हाला समजावून सांगायचे. मी नऊ वर्षांची होते. आम्ही काय वार्ताहर होतो? तरी सांगायचे. एक फोन करून खरं बोलायला तुम्हाला चाळीस वर्षांत एकदाही सवड झाली नाही?"

भोवरा पेटीवर वाकला. मग त्यानं हळूच विचारलं, "किती जोड होते गं?"

"एकोणीस."

"एकोणीस?" त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटायचं, पाच-सहा असतील."

याचा राग तिला सगळ्यात जास्त आला. आयुष्यभर ज्या गाण्यावर हा माणूस मिरवला, ते किती तुकड्यांचं आहे हे त्यानं कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

"काढायला सांगा ही ओळ," ती म्हणाली.

"बघू. कार्यक्रम होऊ दे आधी." आणि तो सभागृहाकडे चालू लागला. गर्दी त्याच्यामागे गेली.

दालन रिकामं झालं. तिनं पर्स उघडली. बाबांची पिवळी मेणाची पेन्सिल तिच्याजवळच असायची. आता अंगठ्याएवढीच उरली होती. तिनं दुसऱ्या वाक्याच्या आधी काचेवर एक उभी रेघ मारली, वाक्य संपलं तिथे दुसरी. बाबा खूण करायचे तशी. मग पहिल्या अक्षराखाली नख घातलं.

"काय करताय हे!" दालनप्रमुख बाई परत आल्या होत्या.

"कापते आहे. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी इथेच आहे."

तेवढ्यात सभागृहातून लाउडस्पीकरवर भोवऱ्याचा आवाज आला, थकलेला पण सरावलेला. "आणि मग, मित्रहो, आमच्या ब्लेडमास्तरला लागली डुलकी..." तो क्षणभर थांबला आणि शेकडो लोक एका आवाजात ओरडले, "टेप संपली!" हशा. टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली.

तिचा हात थांबला. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ते रागाचं होतं, म्हणून तिनं ते पुसलंही नाही. जोरात नख घातलं. नख मोडलं.

बाईंनी याद्या पेटीवर ठेवल्या. खिशातून प्लास्टिकची चपटी पट्टी काढली, अक्षरं चिकटवताना वापरतात ती, आणि तिच्यापुढे धरली.

"नखानं काचेवर ओरखडे उठतील," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. "आणि लवकर करा. भाषण संपत आलं."

पट्टीनं अक्षरं भराभर सुटली. वरच्या वाक्याशी आल्यावर बाईंनी विचारलं, "हे?"

तिनं टेपकडे पाहिलं. एकोणीस रेघा. एवढी वर्षं, एवढे कान, आणि एकालाही कळल्या नव्हत्या.

"ते असू द्या," ती म्हणाली. "ती बाबांच्या कामाला मिळालेली पावती आहे."

काचेवर दोन पिवळ्या रेघा राहिल्या, मध्ये काही नाही. सुटलेली अक्षरं तिनं मुठीत चुरगळून गोळा केली. टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवण्यासारखी ती नव्हती. दारापाशी कचऱ्याची टोपली होती. जाता जाता तिनं मूठ तिच्यात उघडली.