एकोणचाळीस पानं

कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं, की ताईला ते जमवूनच दाखवायचं असायचं. टॉवर क्रेनवरही ती अशीच हट्टाने चढली होती. पण सहा महिन्यांपूर्वी त्याच क्रेनच्या शिडीवरून ती घसरली, घोटा मोडला आणि बाई घरात बसली. आता डॉक्टरांनी परवानगी दिली होती. मुकादमाने मात्र रोखठोक सांगितलं होतं, ‘उद्या सकाळी वर चढलात तर क्रेन तुमची. नाहीतर कायमचं खाली, गोदामात.’

आणि ताईची तंतरली होती. हो, ताईची! दुपारपासून कामाचे बूट तिने तीनदा घातले आणि तीनदा काढले.

संध्याकाळी धाकट्या बहिणीने नेहमीसारखी पानांची गड्डी काढली. लहानपणी दोघी ज्या खेळाची पाकिटं हट्ट करून आणवायच्या, त्याच खेळाची ही पानं. आग ओकणारा बैल, काचेची राणी, शेपटीने लढणारा चोर. खेळ खरा समोरासमोर बसून लढायचा. पण धाकटीने त्यातून भविष्य सांगायचं खूळ काढलं होतं. तीन पानं मांडायची : मागचं, आजचं, पुढचं. पाय प्लास्टरमध्ये असताना ताई आधी हसली, मग ऐकायला लागली, आणि शेवटी तर संध्याकाळ कधी होते याची वाट बघायला लागली. पुढच्या जागी रोज काहीतरी चांगलंच यायचं.

‘आण, आज मी पिसते,’ ताई म्हणाली.

‘तू कशाला? मी आहे ना.’

‘उद्या चढायचंय मला. आण इकडे!’

गड्डी जवळजवळ हिसकावूनच घ्यावी लागली. पिसायच्या आधी ताईने पानं मोजली. ही गड्डी चाळिसाची, एक जरी कमी असलं तरी डाव बाद. मोजल्याशिवाय बसायचं नाही, हे तिनेच धाकटीला शिकवलं होतं. भरली एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीसच.

‘पिटुके, एक कुठाय?’

‘हरवलं असेल कुठेतरी.’

‘माझ्याकडे बघून सांग.’

धाकटीने बघितलं नाही. ती उठली, कामावर न्यायच्या पिशवीतून पैशाचं पाकीट काढलं आणि पाकिटातून ते पान. कोसळता वीर. कड्यावरून खाली येणारा माणूस, हातातून निसटलेली ढाल. ताकद नऊ, बचाव शून्य.

ताईचा पारा चढला. ‘म्हणजे सहा महिने मला उल्लू बनवत होतीस? आणि मी बावळट, तुझ्या त्या राणीच्या भरवशावर कुबड्या टाकल्या!’

‘तू पडलीस ना,’ धाकटी म्हणाली, ‘त्या दिवशी सकाळी मी गंमत म्हणून तुझ्या नावाने पानं मांडली होती. पुढच्या जागी हेच आलं. मी बोलले नाही. गड्डीत दडपलं आणि म्हटलं, जा, मस्त दिवस आहे तुझा. तेव्हापासून माझ्याजवळच ठेवते. यायचंच असेल तर माझ्यावर येऊ दे.’ आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

ताईने तिला जवळ ओढलं. सहा महिने ही पोर ते पान जवळ घेऊन, जिथे ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानाचा जिना चढत-उतरत होती.

‘अगं वेडे, ग्रीस पायरीवर सांडलं होतं. पानावर नव्हतं.’

‘कसलं ग्रीस? तुला तर चक्कर आली होती.’

आता कबुली द्यायची पाळी ताईची होती. ‘कसली चक्कर! आठव्या पायरीवर ग्रीस होतं. मी बघितलं होतं. फडकं खिशात होतं. पण उशीर झाला होता. म्हटलं, मरू दे, कोण पुसत बसतंय! मग लाज वाटली, म्हणून सगळ्यांना चक्कर सांगितली.’

धाकटी रडता रडता थांबली. ताईने ते पान गड्डीत घातलं, चाळीस मोजली, दणकून पिसली आणि तीन पानं पालथी मांडली. मागचं उलटलं : चोर. ‘बरोब्बर!’ ताई म्हणाली. आजचं उलटलं : बैल. तिसऱ्याकडे धाकटीचा हात गेला तसा तो ताईने धरला.

‘राहू दे. काहीही असलं तरी मी चढणार आहे.’

सकाळी शिडीखाली मुकादम उभाच होता. ताईने आधी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. मग तिने खिशातून फडकं काढलं, पहिली पायरी पुसली आणि तिच्यावर पाय ठेवला. दुसरी पुसली. आठव्या पायरीशी ती थांबली. पायरी स्वच्छ होती. तरीही तिने ती दोनदा पुसली आणि वर सरकली.

‘अहो बाई, अशाने दुपार होईल!’ मुकादम खालून ओरडला.

‘होऊ द्या!’

केबिनमध्ये बसल्यावर तिने धाकटीला फोन लावला.

‘पोचलीस?’ धाकटीने विचारलं. ‘ते पान अजून तसंच आहे. उलटू?’

‘उलटायचं तर उलट, मला सांगू नकोस,’ ताई म्हणाली. ‘पण गड्डीत परत घाल आणि मोजून ठेव. चाळीस भरली पाहिजेत.’

फोन ठेवून तिने खाली बघितलं, आणि सळयांचा पहिला गठ्ठा उचलला.