चौदा मेची नोंद

मे महिन्यात डोंगरात चालायचं तर माणशी दिवसाला सहा लिटर पाणी लागतं. दोन दिवसांचं बारा लिटर, म्हणजे पाठीवर बारा किलो, आणि आमच्या वाटेतली घळ हातपाय टेकून चढायची. म्हणून मी प्रत्येकाला सहाच लिटर घ्यायला सांगितलं. बाकीचं मुक्कामाला, वरच्या झिऱ्यावर भरायचं.

खाप्याच्या उत्तरेच्या डोंगररांगेतले झरे हा माझ्या भूजलाच्या प्रकल्पाचा विषय. सोबत माझा ज्युनिअर अमोल होता आणि वाट दाखवायला गोपाळराव. वय साठीचं, पायथ्याशी शेती.

"मे मध्ये तो झिरा राहत नाही, मॅडम," ते निघतानाच म्हणाले. "मी तं नाही पाह्यला."

मी वही उघडून दाखवली. मागच्या वर्षी, चौदा मे : मिनिटाला चारशे मिलिलिटर.

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "मोजून लिवलं आहे तं असन. आपण काय, नजरेनं पाहतो."

"जवानीत नजर दुसरीकडंच राहत असन, काका," अमोल म्हणाला.

"चूप बस गा! नागपूरच्या बेस्यावरून आला अन् मले डोंगर शिकवून राहिला."

चौदा मेला मी तिथे गेलेच नव्हते. ताप होता. मार्चचं मोजमाप होतं, पाऊस पडून गेल्यावरचं जूनअखेरचं होतं. दोन्ही बिंदू सरळ रेषेने जोडून मधला आकडा काढला. वहीत त्याच्यापुढे 'अंदाज' असं लिहिलं नाही. पुढे वर्षभर तो आकडा इतक्या ठिकाणी वापरला, की माझाही त्याच्यावर विश्वास बसला.

साडेचारला झिऱ्यावर पोहोचलो तेव्हा तिघांत मिळून दोन लिटर उरलं होतं. खडक कोरडा होता. शेवाळ काळं पडून पापुद्र्यांसारखं सुटत होतं.

"आत्ता उलटं फिरलो तं उजेडात घळ उतरून होते," अमोल म्हणाला.

"थांब गा." गोपाळरावांनी खडकाखालची माती चाचपली. "मागल्या साली एवढी धार होती, तं एका सालात कुठं जाते? हातभर खाली असनच." माझा खडक फोडायचा हातोडा घेऊन ते उकरायला बसले. अमोल पुढे झाला, तर म्हणाले, "तुमचे हात पेन धरायचे."

चार चाळीस झाले होते. बोलायला हवं होतं. पण पाणी लागलं तर बोलावं लागणार नाही, असा विचार करून मी घड्याळाकडे बघत राहिले. पाच वाजता खड्डा कोपरभर झाला. तळाशी कोरडा मुरूम. पाच वीसला त्यांच्या पाठीवरचा घाम वाळलेला दिसला. उन्हात घाम थांबणं म्हणजे उष्माघात, हे मला माहीत होतं. तरी मी आणखी दहा मिनिटं घेतली.

हातोडा त्यांच्या अंगठ्यावर बसला आणि ते ओरडलेसुद्धा नाहीत, तेव्हा मी म्हणाले, "काका, थांबा. मागच्या मे मध्ये मी इथे आलेच नव्हते. तो आकडा घरी बसून लिहिला."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "मी तं म्हटलं होतं ना वं," एवढंच बोलले. उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

"आता सांगून राहिली, ताई?" अमोलचा आवाज फुटला. "आता?"

उरलेल्या उजेडात तो अर्धा लिटर घेऊन माणसं आणायला एकटाच खाली उतरला. मी गोपाळरावांना बाटलीच्या झाकणाने पाणी पाजत राहिले, दर दहा मिनिटांनी एक झाकण. पहाटे गावची माणसं पाणी आणि बाज घेऊन वर आली, तेव्हा ते मला तारा म्हणत होते. तारा त्यांची मुलगी.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, किडन्या काम करत नाहीत, डायलिसिस सुरू करतोय. मग विचारलं, "उन्हात किती वेळ खणत होते?"

"पन्नास मिनिटं."

"इतकं नेमकं?"

"मी घड्याळ बघत होते."

गोपाळरावांच्या बायको, कौशल्याबाई, शेजारीच उभ्या होत्या. "पाहून राहिली होती, तं थांबवलं काहून नाही वं?"

मी त्यांना सगळं सांगितलं, तापापासून. ऐकून झाल्यावर त्या आत गेल्या आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.