बटणांखालचा कापूस

मी एक पत्र्याचा डबा आहे. माझ्यात फक्त बटणे असतात, असे सर्वजण समजतात. त्यांना तसेच समजू द्यावे. संशय हा माझा स्वभाव आहे, आणि ज्याला घट्ट झाकण आहे त्याचा तो असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पहिली चार वर्षे मी एका सुखवस्तू घरात बिस्किटे सांभाळली. त्या घरची मुले बिस्किटे फस्त करीत आणि खापर मोलकरणीच्या माथी फोडीत. माणसांविषयीचे माझे पहिले मत तेथेच बनले. पुढे रंग उडाल्यावर मी जुन्या बाजारात आलो. तेथून मला एका शिवणवालीने उचलले. घेण्यापूर्वी तिने माझे झाकण सात वेळा लावून पाहिले. मला वाटले, बाई चोखंदळ दिसते. नंतर कळले, की ती घाबरलेली होती.

तिची खोली जिन्याखाली होती. एक खिडकी, एक शिवणयंत्र, एक खाट. ज्या गल्लीचे नाव सभ्य माणसे तोंडाने घेत नाहीत, पण जिची वाट त्यांना कोणाला विचारावी लागत नाही, अशा गल्लीत तिची सहा वर्षे गेली होती. तेथून ती बाहेर पडली ती हातात शिवणकाम आणि रक्तात एचआयव्ही घेऊन. पहिली गोष्ट तिने दारावरच्या पाटीवर लिहिली. दुसरी माझ्या पोटात ठेवली.

इस्पितळातून आणलेल्या बाटलीवरचा कागद ती ओल्या बोटाने खरवडून काढी, गोळ्या कापसात गुंडाळी आणि वर बटणे पसरी. कापूस अशासाठी, की गोळ्या वाजू नयेत. रोज सायंकाळी सात वाजता ती दाराला कडी घाली, बटण शोधल्यासारखे करी आणि एक गोळी घेई. खोलीत दुसरे कोणी नसतानाही ती बटण शोधल्यासारखे करी.

मग एका मंगळवारी ती इस्पितळातून रिकाम्या हाती परतली. रांगेत तिला घरमालकिणीची जाऊ दिसली होती. आता ही बातमी मालकिणीच्या कानी जाणार, पाठोपाठ खोली जाणार आणि गिऱ्हाईकही जाणार, अशी तिची खात्री झाली आणि तिने रांगेतूनच काढता पाय घेतला. मला तेव्हा तिचे पटले, हे मी कबूल करतो.

आठवड्याभरात माझ्या पोटात नुसता कापूस उरला. दोन महिने लोटले. तिला ताप येऊ लागला, खोकला जडला. स्वतःचे कपडे अंगावर ढगळ होऊ लागले, तेव्हा तिने ते निमूटपणे आवळून घेतले. दुसऱ्याचे माप एका नजरेत घेणारी ही बाई स्वतःच्या मापाकडे पाहीना.

अशात एक अभ्रेवाली आली. पन्नाशीची, अंगाने रुंद, बगलेत एक उशीचा अभ्रा. त्याची शिवण उसवली होती आणि एक बटण तुटले होते. शिवणवालीने मला उघडले, तशी ती बाई वाकून माझ्या आत निरखू लागली. मी ते लक्षात ठेवले. तीन दिवसांनी ती दुसरा अभ्रा घेऊन आली, पुढच्या आठवड्यात तिसरा. दर वेळी चौकशी ठरलेली: खोकला किती दिवसांचा, जेवण जाते का, सोबतीला कोणी आहे का. अभ्र्याच्या शिवणीला इतकी माहिती लागत नाही.

तिसऱ्या खेपेस शिवणवालीने अभ्रा खिडकीशी नेला, टिपेवरून नख फिरवले आणि दार आतून लावून घेतले.

"ही टीप झिजून गेलेली नाही," ती म्हणाली. "झिजलेला दोरा पिंजलेला असतो. हा कात्रीनं कापलाय. कोणी पाठवलं तुम्हाला? मालकिणीनं?"

अभ्रेवाली खाटेच्या कडेला टेकली. "सापडले म्हणायची. मी इस्पितळाकडून आले, ताई. डॉक्टर नाही, नर्स नाही. तुमच्यासारखीच अकरा वर्षं गोळ्या घेतेय. ज्यांचं येणं सुटलं त्यांच्यासोबत पुन्हा रांगेत उभं राहायचं, एवढंच माझं काम."

शिवणवालीचा चेहरा उतरला. इस्पितळात तिने पत्ता खोटा दिला होता. मग ही पोचली कशी?

"पत्ता खोटाच निघाला," अभ्रेवाली म्हणाली. "नावही खोटं असेल. पण काम काय करता, ते तुम्ही खरं सांगितलंत. म्हणून महिनाभर या भागातल्या एकेका शिवणवालीकडे अभ्रे उसवून नेतेय. घरात एका उशीला धड अभ्रा उरला नाही. नवरा विचारतो, उंदीर झालेत का."

बाकी सगळे खोटे सांगणाऱ्या माझ्या मालकिणीला आपल्या कामाविषयी मात्र खोटे बोलवले नव्हते. तेवढी एकच फट राहिली होती. आणि ती शिवणवाली हीच, हे अभ्रेवालीने कशावरून ओळखले? तर माझ्यावरून. बटणांच्या डब्यात कापूस कशाला हवा, असे म्हणत अभ्रेवालीने आपले चष्म्याचे घर उघडून दाखवले. आत चष्मा नव्हता, कापूस होता. मी शरमेने आणखी गंजलो.

शिवणवालीचे एवढ्याने समाधान झाले नाही. कापूस काय, कोणीही भरील. तिने नजर रोखून विचारले, "तुम्ही तिथल्या आहात ना? मग मालकिणीची जाऊ तिथं कशाला येते, ते सांगा."

खरे सांगतो, मलाही ते ऐकायचे होते.

"ते मी सांगणार नाही," अभ्रेवाली म्हणाली. "रांगेत कोण असतं, कशाला असतं, हे मी बोलत नसते. तुमचं तिला नाही, तिचं तुम्हाला नाही."

"मग मी यायचं कशाच्या भरवशावर?"

"याच्याच."

झाकण नीट बसले, की एक बारीक आवाज होतो. आयुष्यात मी तो स्वतःखेरीज कोणाकडून ऐकला नव्हता. त्या सायंकाळी अभ्रेवालीकडून ऐकला.

शिवणवालीने अभ्र्याला दुहेरी टीप मारली, बटण लावले आणि दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, आता हा कात्रीलाही दाद देणार नाही. मंगळवारी दोघी मिळून गेल्या. जाताना अभ्रेवाली तिला सांगत होती, की मी रुंद आहे, माझ्यामागे उभ्या राहा, कोणाला दिसणार नाही. परत आल्यावर माझ्या पोटात पुन्हा कापूस आला आणि कापसात गोळ्या.

त्याला तीन वर्षे झाली. तिचे कपडे तिने पुन्हा सैल केले आहेत. आताशा ती स्वतःच एखादा अभ्रा बगलेत मारून कोणाकोणाच्या दारी जाते. मात्र शिवण ती कात्रीने कापीत नाही. दगडावर घासून घासून झिजवते. काम चोख असावे, हा तिचा हट्ट मला मान्य आहे.

माझ्या कडेला पोचे पडले आहेत, स्वभाव मात्र बदललेला नाही. घरमालकीण बटण मागायला आली, की मी अजूनही झाकण आवळून धरतो. तुम्हालाही मी भाबडेपणा शिकवणार नाही. तुमच्या दारी कोणी उसवलेला अभ्रा घेऊन आली, तर टीप अवश्य निरखा, उलटसुलट विचारा. पण दुसऱ्याचे गुपित सांगायला तिने नकार दिला, तर तिला बसायला सांगा.

सात वाजत आले. माझ्या शिवणवालीने दाराला कडी घातली आहे, तेव्हा मला आता गप्प बसले पाहिजे. हल्ली ती बटण शोधल्याचे सोंग करीत नाही. सरळ हात घालते.