एका बॅटरीवर

सत्त्याण्णवच्या श्रावणात कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावाचा ट्रान्सफॉर्मर जळला. रस्ता पाण्याखाली, त्यामुळे पेणहून वायरमन यायची सोय नव्हती. गावात वीज उरली ती फक्त गुणाजीच्या दारात उभ्या असलेल्या टेम्पोच्या बॅटरीत.

ती त्याने बायकोसाठी राखली होती. चंद्रावतीला दमा होता. दमट हवेत तिचा जीव घुसमटायचा, म्हणून टेम्पोतला छोटा पंखा काढून त्याने तिच्या उशाशी बसवला आणि खिडकीतून वायर आत घेतली. धूर आत जाऊ नये म्हणून वारा घराकडे नसला की थोडा वेळ इंजिन चालवून तो बॅटरी भरून घ्यायचा. डिझेल बेताचंच होतं.

दुपारी शेजारची मालू चार्जिंगची टॉर्च पदराखाली झाकून आली.

"भावोजी, हे रातचे खारबांधावर राखणीला जातान. उधाण हाय, खारं पानी भातात शिरंल. उजेडच नसला तर बांध कुठं फुटला ते कसं समजायचं?"

गुणाजीने खिडकीतून आत गेलेल्या वायरकडे पाहिलं. आतून चंद्रावती म्हणाली, "लावा की. भात काय त्यांच्या एकट्याचं हाय व्हय?"

त्याने लावली. संध्याकाळपर्यंत आणखी टॉर्च आल्या. कुणाला परत पाठवणं त्याच्या जिवावर येई. मग त्याने फळीवर खिळे ठोकून वायरी ओढल्या आणि एकाच बॅटरीवर सगळ्या टॉर्च जोडून दिल्या.

दोन दिवसांनी पंख्याची पाती नजरेला दिसू लागली, इतका तो मंदावला. गुणाजी तडक बाहेर गेला आणि फळीवरच्या वायरी उपटू लागला. चंद्रावती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"काय करताव?"

"तुझा पंखा बंद पडतोय."

"मग पंखा काढा. बांध फुटला तर गाव काय खाईल?"

"नाय काढनार!" त्याचा आवाज चिरकला. "बांधाला मानसं हायेत. मला तू एकटीच हायस."

टॉर्च न्यायला आलेली मालू अंगणात थबकली होती. तिने सगळं ऐकलं. टॉर्च न घेताच ती माघारी फिरली. तिला राग आला असेल, असं गुणाजीला वाटलं आणि तो पायरीवर मान खाली घालून बसून राहिला.

थोड्या वेळाने मालू परत आली. हातात ताडाच्या पानाचा पंखा होता, मागे शेजारची शांती होती.

"सरका भावोजी. वायरी लावा परत."

ती थेट चंद्रावतीच्या उशाशी जाऊन बसली आणि वारा घालू लागली. तिचा हात दुखला की शांती, शांतीनंतर दुसरी कुणी. त्या खोलीत बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. चंद्रावती हसायची, खोकायची, पुन्हा हसायची. गुणाजीने विजेच्या पंख्याची वायर सोडवली आणि टॉर्च परत जोडल्या.

त्याच उधाणात बांधाला भोक पडलं. मालूच्या नवऱ्याला, महिपतीला, टॉर्चच्या उजेडात चिखल उकळल्यासारखा दिसला. त्याने हाका मारल्या, माणसं धावली, मातीच्या गोणी टाकून पाणी अडवलं. भात वाचलं.

पाणी ओसरल्यावर वायरमन आला. भर दुपारी घरातला दिवा लागला. मालू मात्र बोलण्याच्या नादात वारा घालतच होती. ती उठली तशी चंद्रावतीने तिचा हात धरला.

"आता वीज आली. उद्या येशील ना गो?"

"येईन की वैनी," मालू म्हणाली. "माझ्या नणंदेच्या लग्नाची गोष्ट अर्धीच रायलीय."

गुणाजी चुलीपाशी गेला आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.