पाल सोडून सगळं

ऐन एप्रिलच्या काहिलीत नाखोन सावनमधल्या बुप्पाच्या घरचा एसी बंद पडला. आतल्या खोलीत तिचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. पाठीला जखम होऊ लागली होती आणि अंग घामाने भिजू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर तिने एसी घेतला होता, आणि त्याबरोबर दुकानाने गळ्यात मारलेली तीन वर्षांची वाढीव वॉरंटीही.

कंपनीचा माणूस आला. त्याने झाकण उघडलं, चिमट्याने एक करपलेली पाल बाहेर काढली आणि हात झटकले.

"बोर्ड जळलाय, पी बुप्पा," तो म्हणाला. पी म्हणजे थाई भाषेत ताई. "पण प्राण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

बुप्पाने काय करावं? हात जोडले, "बरं" म्हणाली आणि वर त्याला बर्फाचं पाणी दिलं!

तिच्या आईची थोरली बहीण, पा लामोम, ओल्या फडक्याने आजाऱ्याचं अंग पुसत होती. पा म्हणजे मोठी मावशी आणि लामोम म्हणजे सौम्य. हे नाव ठेवणाऱ्याला माणसांची पारख नसावी.

"पाणी पाजलंस? हार घालायचा राहिला की! आणि प्राणी म्हणे. पाल म्हणजे काय हत्ती आहे?"

"तो तरी काय करणार, पा? नियमच आहे तसा."

"मग घेताना विचारलं का नाहीस?"

"तो मुलगा इतका गोड बोलत होता. 'पी बुप्पा, पी बुप्पा' करत होता, सख्ख्या भावासारखा. शंकेची पाल चुकचुकली होती मनात, पण नाही कसं म्हणायचं? भीड पडली. मी नुसती हो, हो करत ऐकत होते, तेवढ्यात त्यानं बिलात धरलंसुद्धा."

"भीड तुझी आणि घाम तुझ्या बापाचा!" पा लामोमने फडकं बादलीत आपटलं. "या गावात कुठल्या भिंतीवर पाल नाही? इथले एसी पालींनीच जळतात, हे त्या दुकानाला ठाऊक नाही होय? चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर पाल सोडून बाकी सगळं देतात. ऊठ, चल!"

समोरच्याला खजील करू नये, ही आपली रीत. चांगली आहे, तिची कोणाला लाज नको. पण त्या चांगुलपणावर कोणी धंदा थाटला की संताप येतो! तो विक्रेता काही परका नव्हता. 'हो, हो' म्हणजे 'ऐकतेय', होकार नव्हे, हे त्याला बुप्पाइतकंच कळत होतं.

शेजारणीला वडिलांजवळ बसवून दोघी दुकानात गेल्या. तोच विक्रेता, तेर त्याचं नाव, एका गरोदर मुलीला आणि तिच्या नवऱ्याला नव्या एसीबरोबर तीच वॉरंटी विकत होता. "सगळं आलं यात, निर्धास्त झोपा." मुलगी मान डोलावत म्हणत होती, हो, हो. बुप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचा चेहरा पाहून मॅनेजर लगबगीने पुढे आला. सगळं ऐकून हळूच म्हणाला, "बोर्ड आजच फुकट बदलून देतो. फक्त गिऱ्हाइकांसमोर काही बोलू नका."

बुप्पाला वडिलांची पाठ आठवली. तिने पा लामोमकडे पाहिलं. पण ती, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गप्प राहिली.

बुप्पा सरळ काउंटरपाशी गेली. "पोरी, सही करायच्या आधी विचार. पालीनं एसी जळला तर?"

मुलीने तेरकडे पाहिलं. तो पुटपुटला, "ते... वगळून."

"आणि मुंग्या शिरल्या तर?" मुलीनेच विचारलं.

"त्याही वगळून."

"वीज पडून बोर्ड गेला तर?" नवरा म्हणाला.

"नैसर्गिक कारणं वगळून."

"अरे, मग आत आहे तरी काय!" मागून एक म्हातारा ओरडला आणि दुकान हसलं.

बुप्पा हसली नाही. "माझे वडील घरी घामात पडलेत. मी विचारलं नाही म्हणून. तू विचारलंस. आता लाजू नकोस."

मुलीने पेन खाली ठेवलं. "नको आम्हाला," ती म्हणाली. एवढंच!

फुकटचा बोर्ड अर्थातच गेला. संध्याकाळी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने नवा बसवला. वॉरंटीला जेवढे पैसे गेले होते त्याहून कमीच लागले. गार वारा सुटल्यावर बुप्पा वडिलांच्या उशाशी बसून रडली. "चुकले, बाबा. आता तोंड मिटून नाही बसणार."

मित्रहो, वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवून घ्यावी, भिडेखातर नव्हे. आपल्या घरात वस्तू कशाने बिघडते, तेच आधी विचारावं. ते त्यात नसेल, तर तेवढे पैसे दुरुस्तीसाठी घरातच बाजूला ठेवावेत. विचारणं हा उद्धटपणा नाही. आपण गप्प बसतो आणि शिक्षा भोगतो तो घरातला सर्वांत दुबळा माणूस, ज्याला कूससुद्धा बदलता येत नाही.