शर्यतीचे पाहुणे

येलहंक्याकडच्या जुन्या धावपट्टीवर दर वर्षी मोटारींच्या शर्यती लागल्या, की आमच्या ह्यांना पाहुणचाराचं उधाण यायचं. धावपट्टीला लागूनच आमचा मळा. त्यामुळे शहरातल्या बसवनगुडीतलं सगळं मित्रमंडळ शनिवारीच तिथे येऊन थडकायचं आणि मी चुलीपुढे बसायची. शर्यत मी फक्त ऐकलेली. कुंपणापलीकडे मोटारी गरजायच्या, इकडे मी ताकाला फोडणी द्यायची.

एकोणसाठ साली, रविवारी सकाळी पुरण वाटताना पाठीत कळ आली आणि माझं डोकंच फिरलं. त्या दिवशी वाढायला मी स्वतः उभी राहिले.

"अक्का, स्वल्प! स्वल्पच वाढा!" ह्यांचे मित्र शेषगिरीअण्णा पानावर हात आडवा धरून म्हणाले.

आमच्याकडे पाहुण्याचं 'नको' खरं मानणं म्हणजे त्याचा अपमान. मी त्यांच्या बोटांवरूनच पोळी सरकवली, वर तुपाची धार धरली. ह्यांना तर गळ्याची शपथ घालून आणखी दोन वाढल्या.

विडा तोंडात असतानाच सगळे ओसरीवर आडवे झाले. घोरणं सुरू झालं, तसा मी ह्यांच्या कोटातून शर्यतीचा पास काढला आणि तडक निघाले.

पहिल्या रांगेत ह्यांची वेताची खुर्ची होती. मी टेकले, पाय लांब केले. निशाण पडलं, मोटारी कानाशी गरजल्या आणि मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा माणसं खुर्च्या उचलत होती. त्या वर्षी कोण जिंकलं, ते मला अजून ठाऊक नाही.

ह्यांनाही नाही.