खवट कॅप्सूल

मावशीला सांधेदुखी, आणि पोट शिवणकामावर. माझ्याच शब्दावर तिने आमच्या प्रयोगशाळेच्या चाचणीत नाव दिलं. बारा आठवडे रोज माशाच्या तेलाच्या चार कॅप्सूल घ्यायच्या. तिचे नेहमीचे जवस आणि अक्रोड बंद, म्हणजे गुण आला तर तो कॅप्सूलचाच.

तर्क साधा होता. खाल्लेली मेदाम्लं पेशींच्या आवरणात जाऊन बसतात आणि सूज चढवणारे किंवा उतरवणारे रेणू त्यांच्यापासूनच बनतात. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ने जागा बळकावली की चढवणारे कमी होतात.

बारा आठवड्यांनी गुण शून्य. मावशीची बोटं तर आणखी फुगली होती. सुईत दोरा शेजारीण ओवून देत होती.

मी उरलेली एक कॅप्सूल कापली. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. मग आठवलं: फ्रीज भरलेला, म्हणून कॅप्सूलचा खोका मी काचसामान वाळवायच्या भट्टीवरच्या फळीवर ठेवला होता. रक्ताचे नमुने आम्ही उणे ऐंशी अंशांवर जपले आणि हवेत, उष्णतेत चटकन नासणारं हे तेल शेकत ठेवलं. लोकांना त्या कॅप्सूल वाटल्याही मीच होत्या. तीनदा तपासलं. तेल किती खवटलं ते सांगणारं पेरॉक्साइड मर्यादेच्या चौपट.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आकडे पाहिले आणि खोक्यावरची तारीख दाखवली. ती अजून संपलेली नव्हती. निकाल नकारात्मक आहे, तसाच लिहायचा, म्हणाले. नको ते उकरून काढू नकोस.

माझं डोकं फिरलं. उद्या कुणी हा अहवाल वाचून माशाच्या तेलाने काही होत नाही असं ठरवणार होतं, आणि आम्ही धड तेल दिलंच कुठे होतं? संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. तिने हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, "अगं, मी मशीनलासुद्धा चिकट झालेलं तेल घालत नाही. आणि तुम्ही माणसांना घातलंत?"

सकाळी ती सरांच्या समोरच्या खुर्चीत होती. सर तिला 'ताई' म्हणत सांख्यिकी समजावत होते. तिने ऐकून घेतलं.

"मला गुण आला नाही असं लिहिणार, की तुम्ही तेल नासवलंत असं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. अहवालावर चाचणी करणारी म्हणून माझी सही हवी होती. मी पहिल्या पानावर तिन्ही आकडे लिहिले, भट्टीवरची फळी लिहिली, खोका ठेवणारी म्हणून माझं नाव लिहिलं आणि त्याखाली सही केली.

"आता पाठवा," मी म्हणाले.